झोटेरोतल्या पीडीएफ कुठे ठेवायच्या: लॅपटॉपवर की क्लाउडवर?

झोटेरो म्हणजे वाचलेले लेख आणि त्यांचे संदर्भ साठवून ठेवणारं ॲप. पीएचडीचं वाचन वाढलं की कधी तरी ते सांगतं, आमच्या सर्व्हरवरची फुकटची ३०० एमबी जागा संपली. मग कुणी घाईघाईने वर्गणी भरतं, तर कुणी झोटेरोचं अख्खं फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये सरकवतं. पहिल्यात थोडे पैसे जातात, दुसऱ्यात सगळी लायब्ररीच जाऊ शकते.

आधी नोंदी आणि फायली वेगळ्या ओळखा

लेखाचं शीर्षक, लेखक, टॅग, टिपणं या झाल्या नोंदी. त्या ‘झोटेरो डॉट एसक्यूलाइट’ नावाच्या एकाच फाइलमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्ये असतात आणि त्यांच्या सिंकला (सर्व्हरवर आणि तुमच्या सगळ्या मशीनांवर सारखं ठेवण्याला) मर्यादा नाही, पैसेही नाहीत. ३०० एमबीचा हिशोब लागतो तो फक्त पीडीएफसारख्या फायलींना. जागा भरली तरी नोंदींचं सिंक चालूच राहतं, तेव्हा घाबरून काही पुसू नका.

पसारा मोजा

‘एडिट’मधून ‘सेटिंग्ज’, तिथे ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘शो डेटा डिरेक्टरी’ दाबा (मॅकवर सेटिंग्ज ‘झोटेरो’ मेनूत आहेत). जे फोल्डर उघडेल त्यात ‘स्टोरेज’ दिसेल. आत आठ अक्षरा-आकड्यांच्या नावांची असंख्य फोल्डरं, आणि बहुतेकांत एकेक पीडीएफ. नावं बदलायच्या फंदात पडू नका, फक्त ‘स्टोरेज’चा एकूण आकार बघा. जर्नलमधला लेख साधारण एक ते तीन एमबीचा असतो. खरी जागा खातात ती स्कॅन केलेली पुस्तकं. जुन्या मराठी ग्रंथांवर काम करणाऱ्यांना हे सांगायला नको, एकेक ग्रंथ पन्नास-शंभर एमबीचा निघतो.

आता ठरवा

एकच लॅपटॉप वापरत असाल तर फायलींचं सिंक बंद करा. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘सिंक’मध्ये ‘माय लायब्ररी’च्या फाइल सिंकिंगची खूण काढली की झालं. नोंदी वर जात राहतील, पीडीएफ डिस्कवरच राहतील.

घरी एक, विभागात एक अशी दोन मशीनं असतील तर फायलींचं सिंक हवंच. ३०० एमबीत भागत नसेल तर झोटेरोची २ जीबीची जागा वर्षाला २० डॉलरना मिळते. सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग हाच, परवडत असेल तर फार विचार करू नका.

नसेल परवडत, तर वेबडॅव्ह, म्हणजे झोटेरोच्या फायली दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर ठेवायची सोय. कूफर या सेवेवर १० जीबी फुकट मिळतात. तिथे खातं काढून खात्याच्या सेटिंगमध्ये झोटेरोसाठी वेगळा ॲप पासवर्ड तयार करा, नेहमीचा चालत नाही. मग झोटेरोच्या ‘सिंक’मध्ये ‘झोटेरो’ऐवजी ‘वेबडॅव्ह’ निवडा, कूफरने दिलेला पत्ता, नाव आणि तो पासवर्ड भरा, ‘व्हेरिफाय सर्व्हर’ दाबा. कूफरवर ‘झोटेरो’ फोल्डर तयार होतं, त्यात विचित्र नावांच्या झिप फायली दिसतील. त्या झोटेरोच्या आहेत, त्यांना हात लावू नका. एक अडचण मात्र आहे: वेबडॅव्ह फक्त तुमच्या स्वतःच्या लायब्ररीला चालतं. अनेकांनी मिळून वापरायच्या ग्रुप लायब्ररीतल्या फायली झोटेरोच्याच जागेत जातात आणि ज्याचा ग्रुप, त्याच्या कोट्यातून वजा होतात.

तिसरा मार्ग ‘लिंक्ड फायलीं’चा. पीडीएफ गूगल ड्राइव्हमध्ये आणि झोटेरोत नुसता त्यांचा पत्ता. झॉटमूव्ह प्लगइन फायली आपोआप तिकडे हलवतं, ‘लिंक्ड अटॅचमेंट बेस डिरेक्टरी’ (पीडीएफच्या मूळ फोल्डरचा पत्ता) मात्र दोन्ही मशीनांवर द्यावी लागते. पण अशा फायली मोबाइल ॲपमध्ये उघडत नाहीत आणि ग्रुपमध्ये चालत नाहीत. माझ्या मते, नीट नावं दिलेलं पीडीएफचं फोल्डर झोटेरोबाहेरही हवंच असेल तरच या वाटेला जा.

डेटाबेस क्लाउडच्या फोल्डरमध्ये नको

पीडीएफ ड्राइव्हमध्ये ठेवल्या तर चालतं, मग अख्खं फोल्डर का नको? कारण झोटेरो उघडं असताना डेटाबेसच्या फाइलवर सतत लिहीत असतं. ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हने अर्धवट लिहिलेली प्रत उचलली, किंवा दोन मशीनांवर झोटेरो एकाच वेळी उघडं राहिलं, की डेटाबेस बिघडतो. विंडोजवर वनड्राइव्ह बऱ्याचदा ‘डॉक्युमेंट्स’ परस्पर ताब्यात घेतं. झोटेरोचं फोल्डर मुळात त्याच्या बाहेर, तुमच्या युजर फोल्डरमध्ये असतं. ते तिथेच राहू द्या.

पिवळ्या खुणा कुठे जातात

झोटेरोच्या रीडरमध्ये केलेले हायलाइट पीडीएफमध्ये नाही, डेटाबेसमध्ये जातात. त्यामुळे फोल्डरमधली पीडीएफ उचलून गाइडना मेल केली तर त्यांना कोरी प्रत दिसते. रीडरमध्ये ‘फाइल’मधून ‘सेव्ह ॲज’ करा, खुणांसकट प्रत मिळेल.

शेवटी बॅकअप

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलेलं पुढच्या सिंकला तिथेही पुसलं जातं. म्हणून अधूनमधून झोटेरो पूर्ण बंद करा आणि डेटाबेस व ‘स्टोरेज’सकट सगळं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, नावात तारीख टाकून. आधीची प्रत लगेच पुसू नका. एखादं कलेक्शन चुकून उडालंय हे कधीकधी प्रबंध लिहायला बसल्यावरच कळतं.