पिपचा अर्ज: मानसिक आजार असताना प्रवासाचा प्रश्न कसा भरायचा

इंग्लंड-वेल्समध्ये आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना सरकार एक भत्ता देतं: पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे पिप. त्याच्या अर्जात प्रवासाबद्दल एक प्रश्न असतो, आणि उत्तराला गुण मिळतात. मानसिक आजार असेल तर गाडी बहुधा तिथेच अडते. मार्च 2017 मध्ये सरकारने नियमच बदलला होता: मानसिक त्रासामुळे एकट्याने जाता येत नसेल, तर वरचे गुण नाहीत. 21 डिसेंबर 2017 रोजी लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती मॉस्टिन यांनी तो बदल रद्द केला. हा उघड भेदभाव आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. जानेवारी 2018 मध्ये सरकारने निकाल मान्य केला. हा हक्क लढून मिळालाय, तेव्हा अर्जात तो नीट मागा.

आधी व्हिसा बघा. त्यावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) अशी अट असेल तर अर्ज करू नका. व्हिसाच धोक्यात येतो.

आता गुण. कुणी मागे लागल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, याला 4. अनोळखी वाटेवर सोबत लागते, याला 10. रोजच्या वाटेवरही लागते, याला 12. बाहेर पडणंच अशक्य, याला 10. भत्त्याला 8 लागतात, वाढीव दराला 12.

म्हणून ‘बाहेर जायची भीती वाटते’ एवढंच लिहिलंत तर 4 वरच अडकाल. असं लिहा: ‘नेहमीच्या दवाखान्यात जातानाही बहीण लागते. एकटी गेले की दुसऱ्या स्टॉपवर श्वास कोंडतो, मध्येच उतरते, कुठे वळायचं सुचत नाही. गेल्या महिन्यात दोनदा अर्ध्या वाटेतून परत आले.’ अर्थात, जे खरंच घडतं तेच. निम्म्याहून जास्त दिवस असं होतं का, तेही लिहा. एखाद्या दिवशी जमलं, पण सुरक्षितपणे किंवा पुन्हा जमलं नाही, तर ते जमलं असं धरत नाहीत.

अर्जानंतरच्या तपासणीत ‘आज कशा आलात?’ विचारतील. नुसतं ‘बसने’ म्हणू नका. कोण सोबत होतं, वाटेत काय झालं, सगळं सांगा.

नकार आला तर एका महिन्यात मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार मागा. तिथेही नाही म्हणाले, तर फेरविचाराच्या पत्राच्या तारखेपासून एका महिन्यात ट्रिब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करा. सुनावणीला तुमच्यासोबत येणाऱ्या माणसालाच साक्षीला न्या. वाटेत काय होतं ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.