नैरोबीत पहिला माणूस कामावर ठेवताना

स्वाहिलीत पगाराला ‘म्शाहारा’ म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरांतला मुशाहिरा आणि हा शब्द, दोन्ही अरबीतून आलेले. हिशेबालाही इथे ‘हेसाबू’च म्हणतात. नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियात पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याचं पगारपत्रक मी अकरा वर्षं सांभाळते आहे. गेल्या वर्षी मावसभाऊ जयसिंगपूरहून इथे छोटं वर्कशॉप टाकायला आला. आल्या आल्या त्याने विचारलं, “ताई, इथे पीएफ किती कापतात?” मी म्हटलं, “टक्के मागून बघू. माणूस ठेवलास, त्याचा कागद केलास का?”

केला नव्हता. म्हणून कागदापासूनच सुरुवात करते.

केनियाचा एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्ट 2007 चा. काम तीन महिने किंवा त्याहून जास्त चालणार असेल तर करार लेखी हवा आणि तो करायची जबाबदारी मालकाची. कामाचं स्वरूप, रुजू झाल्याची तारीख, पगार, कामाचे तास, रजा, नोटीस हे सगळं त्यात लिहा. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने. कामगार राजी असेल तरच आणखी सहा. ओळखपत्राची प्रत, केआरएचा (करखात्याचा) पिन, एनएसएसएफचा (इथल्या पीएफसारख्या निवृत्ती निधीचा) नंबर आणि सोशल हेल्थ अथॉरिटीची (सरकारी आरोग्य विम्याची) नोंदणी पहिल्याच दिवशी मागून घ्या. महिनाअखेरीला मागाल तर कपात कुणाच्या नावावर भरायची हेच कळत नाही.

आता ‘किबारुआ’, म्हणजे रोजंदारीवरचा माणूस. नवे मालक सगळ्यात जास्त इथेच फसतात. कायद्याने कॅज्युअल कोण, तर ज्याला दिवसाच्या शेवटी पैसे मिळतात आणि एका वेळी 24 तासांपेक्षा जास्त काळासाठी ठेवलेलं नसतं तो. पण त्याने सलग भरलेले कामाचे दिवस मिळून महिना झाला, किंवा काम तीन महिन्यांत आटपण्यासारखं नसलं, की कलम 37 प्रमाणे तो मासिक पगाराचा कामगार ठरू शकतो. तुम्ही त्याला काय म्हणता याला मग अर्थ उरत नाही.

आमच्याकडे मुकुरूहून पायी येणारी एक बाई गोंदाच्या टेबलावर रोजाने होती. सात महिने आली. ऑर्डरी कमी झाल्या तेव्हा सुपरवायझरने शनिवारी गेटवरच सांगितलं, सोमवारी येऊ नकोस. ती लेबर ऑफिसरकडे गेली. रोजाची वही मी लिहायचे. तिच्या नावापुढे निळ्या पेनाने ओळीने हजेरीच्या खुणा होत्या, मध्ये फक्त रविवार कोरे. आमच्याच वहीने तिची बाजू मांडली. नोटिशीचे पैसे, रजेचे पैसे, घरभाडं, सगळं द्यावं लागलं आणि ते रास्तच होतं. मला जास्त लागलं ते वेगळंच. सात महिने तिच्या एनएसएसएफच्या खात्यात एक शिलिंग पडला नव्हता आणि दर आठवड्याला वही मीच मिटत होते. तेव्हापासून तिसऱ्या आठवड्यात मी वहीत लाल रेघ मारते: या माणसाचा करार करायचा की काम थांबवायचं, हे आजच ठरवा.

घरभाड्याचं आपल्याकडच्यांना नवल वाटतं. कलम 31 प्रमाणे मालकाने राहायला जागा द्यावी, नाहीतर भाड्याला पुरेल इतका भत्ता. सर्वसाधारण वेतन आदेशात तो मूळ पगाराच्या 15 टक्के आहे. एकत्रित रक्कम देणार असाल तर त्यात घरभाडं धरलं आहे असं करारात स्पष्ट लिहा. ते एक वाक्य राहिलं तर भत्ता वेगळा मागता येतो.

भावाला वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलेला हिशेब देते, दर 2025 च्या फेब्रुवारीत लागू असलेले. मूळ पगार 40,000 शिलिंग, घरभाडं 6,000, एकूण 46,000. एनएसएसएफ 6 टक्के, म्हणजे 2,760 (तेव्हा हे 72,000 च्या पगारापर्यंतच होतं). आरोग्य विम्याचा एसएचआयएफ 2.75 टक्के, 1,265. घरबांधणीसाठीची हाउसिंग लेव्ही दीड टक्का, 690. या तिन्ही रकमा आधी वजा होतात आणि उरलेल्या 41,285 वर पीएवायई, म्हणजे पगारातून कापायचा आयकर, लागतो. पहिल्या 24,000 वर 10 टक्के, पुढच्या 8,333 वर 25, त्यापुढे 30. कर होतो 7,168.85, त्यातून 2,400 ची वैयक्तिक सवलत गेली की 4,768.85. हातात पडतात 36,516.15.

एनएसएसएफ आधीपासूनच करपात्र पगारातून वगळला जायचा; एसएचआयएफ आणि हाउसिंग लेव्ही वगळायची सोय 2024 च्या डिसेंबरअखेरीस आली. जुन्या एक्सेल शीटवर पगार काढत असाल तर माणसाचा कर जास्त कापला जातोय. आजच तपासा.

मालकाच्या बाजूने एनएसएसएफचे तेवढेच 2,760, लेव्हीचे तेवढेच 690 आणि प्रशिक्षणाच्या नीटा लेव्हीचे 50. म्हणजे हा माणूस तुम्हाला 49,500 ला पडतो. नोकरी देताना हा आकडा समोर ठेवून बोला, 40,000 चा नाही.

पीएवायई पुढच्या महिन्याच्या 9 तारखेच्या आत भरायचा. मी बाकीचंही त्याच सुमारास उरकते, खरं तर 5 लाच, कारण शेवटच्या दिवशी करखात्याचं आयटॅक्स पोर्टल फार रखडतं. पगाराची स्लिप द्यायचीच. मोबाइलवर पैसे पाठवले म्हणून ती चुकत नाही. उचल, कर्जाचे हप्ते, सगळं धरून कपात पगाराच्या दोन तृतीयांशांवर जाता कामा नये. शाळा उघडायच्या सुमारास उचली वाढतात, तेव्हा हे मोजूनच पैसे द्या.

वर्षाला 21 कामाचे दिवस भरपगारी रजा. दोन महिने नोकरी झाली की वर्षात सात दिवस पूर्ण आणि सात दिवस अर्ध्या पगारी आजारपणाची रजा. बाळंतपणाला तीन महिने पूर्ण पगार आणि तिची वार्षिक रजा त्यात वळती करायची नाही. बापाला दोन आठवडे.

कामावरून काढण्याबद्दल भावाला मी दोनदा बजावलं. मासिक पगारदाराला किमान 28 दिवसांची नोटीस लागते, प्रोबेशनवर असेल तर सात. पण कामात कमी पडला किंवा वागणूक वाईट म्हणून काढायचं असेल तर नोटीस पुरत नाही. कलम 41 प्रमाणे कारण त्याला समजेल अशा भाषेत सांगायचं, त्याच्या पसंतीचा सहकारी किंवा युनियनचा माणूस सोबत बसू द्यायचा आणि त्याचं म्हणणं ऐकून मगच ठरवायचं. आम्ही हे स्वाहिलीत करतो, कागदावर उतरवतो, दोघांच्या सह्या घेतो. ऐकून न घेता काढलं तर कामगार कोर्ट बारा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई लावू शकतं. काम नाही म्हणून कमी करायचं असेल तर वाट वेगळी: युनियनला किंवा कामगाराला आणि लेबर ऑफिसरला महिनाभर आधी लेखी कळवा, आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे किमान 15 दिवसांचा पगार द्या.

माणूस जाताना सर्व्हिस सर्टिफिकेट हातात द्या. चार आठवड्यांवर नोकरी झाली असेल तर तो त्याचा हक्क आहे, भांडून गेला तरीही. त्यात मालकाचं आणि कामगाराचं नाव, काम, कामाची जागा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख लागते. गोंदाच्या टेबलावरच्या त्या बाईचं सर्टिफिकेट मीच टाइप केलं. तिने ते दोनदा वाचलं, तारखांवर बोट ठेवून सातही महिने मोजले आणि घडी घालून पिशवीत ठेवलं.