कॉम्प्रेशन सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

‘फाइल सगळ्यांत लहान कोण करतं?’ एवढ्या एकाच निकषावर सॉफ्टवेअर निवडणं ही पहिली चूक. फोटोंच्या जेपीईजी, व्हिडिओच्या एमपी४, एमपी३ गाणी, सगळं आधीच दाबलेलं असतं. वर्डची डॉकएक्स फाइल तर आतून झिपच, म्हणजे फाइली दाबून बांधलेलं गाठोडंच, असते. असा फोल्डर ‘अल्ट्रा’ या सगळ्यांत जास्त दाबणाऱ्या पर्यायावर टाकून तासभर पंखा घरघरवला, तरी हाती फारसं काही लागत नाही. फरक दिसतो तो साध्या टेक्स्टमध्ये, लॉगमध्ये (प्रोग्राम आपोआप लिहितात त्या नोंदींत), डेटाबेसच्या निर्यातीत.

त्याऐवजी विचारा: ही फाइल उघडणार कोण? झिप १९८९ पासून आहे आणि जवळजवळ कुठेही उघडते. रार या दुसऱ्या प्रकारच्या फाइली मात्र उघडणारे पुष्कळ, बनवणारं मुख्यतः विनरार हे सॉफ्टवेअरच. विंडोज ११ मध्ये रार आणि सेव्हन-झेड (सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरचा स्वतःचा फाइल-प्रकार) उघडायची सोय २०२३ मध्ये आली. त्याआधीच्या विंडोजवर समोरच्याला वेगळं सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं. म्हणून पाठवायचं असेल तर झिप, स्वतःकडे साठवायचं असेल तर सेव्हन-झेड. बहुतेकांना मोफत आणि मुक्त-स्रोत सेव्हन-झिप पुरेसं आहे, असं माझं स्पष्ट मत.

पासवर्डच्या बाबतीत गोंधळ जास्त. झिपला पासवर्डचं कुलूप लावायची जुनी झिपक्रिप्टो पद्धत कमकुवत आहे. खाजगी कागदपत्रांसाठी एईएस-२५६ ही मजबूत पद्धत निवडा. पण एईएसवाली झिप विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये उघडत नाही. पासवर्ड बरोबर असूनही एरर येते आणि पाठवणारा-घेणारा एकमेकांवर चिडतात. ती सेव्हन-झिपमधून उघडा. आणखी एक: झिपमध्ये पासवर्ड असला तरी आतल्या फाइलींची नावं कोणालाही दिसतात. ती लपवायची तर सेव्हन-झेड घेऊन ‘नावंही एन्क्रिप्ट करा’ या पर्यायावर खूण करा.

सॉफ्टवेअर एकदा टाकून विसरून जाणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. २०२३ मध्ये विनरारमध्ये असा दोष सापडला की आर्काइव्हमधल्या (झिप, रार अशा दाबलेल्या फाइलमधल्या) साध्या दिसणाऱ्या फाइलवर क्लिक करताच भलताच कोड चालत असे. ६.२३ आवृत्तीत तो दुरुस्त झाला, पण विनरार आपणहून अपडेट होत नाही. सेव्हन-झिपही नाही. नवी आवृत्ती आपणच जाऊन घ्यायची, तीही अधिकृत साइटवरूनच. सेव्हन-झिपची साइट डॉट ऑर्ग आहे, डॉट कॉम नव्हे. शोधात वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक करू नका.

‘सीआरसी फेल्ड’ (तपासणीत फाइल बिघडलेली आढळली) किंवा ‘अनपेक्षित शेवट’ असा संदेश आला की लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात. बहुतेक वेळा दोष अर्धवट डाउनलोडचा असतो, तेव्हा फाइलचा आकार मूळाशी ताडून पाहा. आर्काइव्ह तुकड्यांत असेल तर सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवून पहिलाच उघडा. पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर मावतच नाही. आणि आर्काइव्ह स्वतः बनवलं असेल, तर मूळ फाइली पुसण्याआधी एकदा ‘टेस्ट’ बटण दाबा.