संगणक सुरू व्हायला वेळ लागतोय? आधी स्टार्टअपची यादी तपासा

विंडोज १० किंवा ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअपच्या, म्हणजे संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या, भागात जाऊन 'स्टार्टअप इम्पॅक्ट' या रकान्यावर क्लिक केलं की जड प्रोग्रॅम एकत्र दिसतात. सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन करणाऱ्या प्रोग्रॅमपुढे 'हाय' लिहिलेलं असतं. चॅट, गेम लाँचर, अपडेटर यांवर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. प्रोग्रॅम उडत नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. अँटिव्हायरस आणि टचपॅड-साउंडच्या नोंदींना मात्र हात लावू नका.

विंडोजमधली 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत येतो. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्रॅम) तसाच राहतो. मशीन रेंगाळू लागलं तर शटडाउनऐवजी रीस्टार्टच करा, त्यात गाभा नव्याने सुरू होतो.

एवढं करूनही टास्क मॅनेजरमध्ये डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर सफाईची सॉफ्टवेअरं टाकत बसू नका. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. एसएसडीला डीफ्रॅगची (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याची) गरज नसते.