अन्नउद्योगातील पुरवठा साखळीचा अभ्यास कसा करावा

पुण्यात पुरवठा साखळी व्यवस्थापन शिकणारे बहुतेक विद्यार्थी वाहन उद्योग डोळ्यांसमोर ठेवूनच हा विषय निवडतात. चाकणचे कारखाने हाकेच्या अंतरावर असल्यामुळे हे स्वाभाविक आहे, परंतु त्यामुळे वर्गातील उदाहरणेही नटबोल्टचीच असतात, आणि बोल्ट गोदामात सहा महिने पडून राहिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. टोमॅटो, दूध, पनीर, द्राक्षे यांचे आयुष्य मात्र तोडणीच्या किंवा उत्पादनाच्या क्षणापासून घटू लागते. ज्यांना अन्नउद्योगात काम करायचे आहे, त्यांनी साठा, वाहतूक, खरेदी या प्रत्येक गोष्टीचा विचार मालाच्या उरलेल्या आयुष्याच्या हिशेबाने करण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

अभ्यासक्रम निवडण्याआधी एक माल निवडा आणि त्याचा माग काढा. नारायणगावच्या बाजारातून निघालेला टोमॅटो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचून किरकोळ विक्रेत्याच्या हातगाडीवर जाईपर्यंत तो किती वेळा उचलला जातो, किती तास उभा राहतो आणि कुठे उन्हात असतो, याची वहीत नोंद करा. त्यासाठी यार्डात पहाटेपूर्वी जावे लागते, कारण उजाडेपर्यंत निम्मा व्यवहार उरकलेला असतो. तळाच्या क्रेटमधील फळे हातात घेऊन पाहा. क्रेट गळ्यापर्यंत भरून वर दुसरा ठेवला की वरच्या थरातील फळांवर क्रेटच्या बुडाचे वळ उमटतात, आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पाणी सुटते. आवक, आडत (अडत्याचे कमिशन), हमाली, तोलाई, पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) हे शब्द तिथेच शिकावेत. महाराष्ट्रात 2016 पासून फळे-भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतली जाते. अशा एका बदलाने किमतीची सगळी मांडणी कशी बदलते, हे पट्टी समोर ठेवल्याशिवाय नीट उमगत नाही.

त्यानंतर मालाचे शास्त्र. व्यवस्थापनाचे विद्यार्थी नेमका हाच भाग टाळतात, आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. बटाटा 2 ते 4 अंशांवर ठेवला तर त्यातील स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर चिप्स काळपट पडतात. म्हणून प्रक्रियेचा बटाटा साधारण 10 ते 12 अंशांवर साठवतात. द्राक्षे तोडल्यावर काही तासांतच प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे साठवणीआधी झटपट थंड करण्यासाठी, गेली पाहिजेत आणि पुढे शून्य अंशाच्या आसपास राहिली पाहिजेत. केळी इतक्या थंडीत ठेवली तर साल काळी पडते. म्हणजे ‘कोल्ड स्टोरेज’ हा एक शब्द असला तरी प्रत्येक मालासाठी त्याचा अर्थ वेगळा आहे. सवय म्हणून पाचसहा मालांचे तापमान, आर्द्रता आणि टिकण्याचा कालावधी यांचा तक्ता स्वतःच्या हाताने तयार करावा.

आता गणित. लीड टाइम (मागणी नोंदवल्यापासून माल हाती येईपर्यंतचा वेळ) आणि सेफ्टी स्टॉक (अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला साठा) यांची सूत्रे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतात, पण ती सूत्रे माल नासतो हे गृहीत धरत नाहीत. समजा, पनीरचे शेल्फ लाइफ 30 दिवस आहे आणि मोठे दुकानदार त्यातील दोन तृतीयांश, म्हणजे 20 दिवस शिल्लक असल्याशिवाय माल उतरवून घेत नाहीत. तुमच्या हाती 10 दिवस राहिले. तपासणीत 2 आणि वाहतुकीत 1 दिवस गेला की गोदामासाठी उरतात 7. रोजची विक्री 400 किलो असेल, तर 2,800 किलोंपेक्षा जास्त साठा ठेवण्यात अर्थ नाही. सूत्राने 1,600 किलो सेफ्टी स्टॉक सांगितला आणि कारखाना दर चार दिवसांनी 1,600 किलोंची बॅच काढत असेल, तर साठा 3,200 किलोंवर जातो आणि 400 किलो माल परत येणार हे आधीच ठरते. बॅच दर तीन दिवसांनी 1,200 किलोंची केली की हिशेब बरोबर 2,800 वर बसतो. उत्तर गोदामात नव्हते, उत्पादनाच्या वेळापत्रकात होते. अशी पंधरावीस उदाहरणे एक्सेलमध्ये सोडवा. मुलाखतीत त्यांचा उपयोग होतो. माल बाहेर काढताना आधी आलेला आधी न काढता आधी संपणारा आधी काढायचा, हा फेफोचा नियमही याच विचारातून आला आहे.

कायद्यासाठी 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आणि 2017 चे माल परत बोलावण्याविषयीचे नियम मुळातून वाचावेत. एखाद्या बॅच नंबरचा माल कोणकोणत्या दुकानांत गेला, हे काही तासांत सांगता येणे ही या क्षेत्रातील खरी कसोटी आहे.

एक अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या नोकरीत रीफर, म्हणजे शीतकरण यंत्रणा असलेल्या, गाडीच्या केबिनमध्ये 4 अंश दिसत होते, म्हणून मी डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करण्याच्या, कागदावर सही केली. पोहोचल्यावर दाराजवळच्या क्रेटमध्ये तापमापक खुपसला तेव्हा 11 अंश निघाले. क्रेट छतापर्यंत रचल्यामुळे हवा फिरत नव्हती, शिवाय माल पुरेसा थंड न करताच भरला होता. रीफरचे काम थंडावा टिकवण्याचे आहे, गरम माल थंड करण्याचे नाही. तेव्हापासून मालाच्या आतले तापमान पाहिल्याशिवाय मी सही केलेली नाही.

शिक्षणासाठी पुण्यात चांगले पर्याय आहेत. वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेत आणि हिंजवडीच्या सिम्बायोसिसमध्ये कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. तळेगाव दाभाडे येथील काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्थेत अल्प मुदतीची प्रशिक्षणे होतात. खर्च परवडत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन व्यासपीठावरील विनाशुल्क अभ्यासक्रमांपासून सुरुवात करावी. माझे मत विचाराल तर अन्नतंत्रज्ञान किंवा कृषी शाखेची पदवी घेऊन नंतर व्यवस्थापन शिकणे अधिक सोपे जाते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मालाच्या शास्त्रासाठी दुप्पट मेहनत घ्यावी लागते, पण ती घेता येते.

इंटर्नशिप मिळवताना कंपनीच्या नावापेक्षा काम पाहा. रांजणगाव आणि बारामती परिसरात अन्नप्रक्रियेचे मोठे कारखाने आहेत, पण कार्यालयात बसून सादरीकरणे करण्यापेक्षा डिस्पॅचच्या धक्क्यावर रात्रपाळी मिळत असेल तर ती मागून घ्या. गाडी उशिरा आली तर कोणाला फोन जातो, परत आलेला माल कुठे ठेवतात, सील तुटलेले आढळले तर नोंद कोण करतो, हे तिथे पहिल्याच आठवड्यात कळते. जाताना खिशात वही आणि स्वतःचा प्रोब थर्मामीटर (मालात खुपसायचा तापमापक) ठेवा.