लिहिताना हात भरून येतो? या चुका टाळा

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि नौपाड्यातल्या आमच्या अभ्यासिकेत जो तो मनगट चोळताना दिसायला लागला, इतकी वर्षं पर्यायी प्रश्नांचे नुसते गोळे रंगवलेल्या हाताला एकदम तीन तास लिहायला लावलं की दुसरं काय होणार. माझा तर दीड तासातच अंगठा मुळापासून ठणकायचा. वाटायचं लिखाण जास्त होतंय, पण खरी चूक पेन आवळून धरण्यात होती.

एक करून बघा, पान भरलं की उलटं करा आणि मागून बोट फिरवा. अक्षरं हाताला खरखरीत लागली, खालच्या कोऱ्या पानावर पण वळ उठले असतील तर तुम्ही पेन दाबताय. माझी वही तर फुगून नीट मिटायचीच नाही. साध्या बॉलपेनची शाई घट्ट असते, ते दाबावंच लागतं, म्हणून जेल पेन किंवा शाईपेन घ्या, नुसतं टेकवलं तरी चालतं. बारीक गुळगुळीत पेन निसटतं आणि बोटं अजून आवळली जातात, त्यामुळे थोडं जाड, रबरी ग्रिपवालं बघा, आणि दुकानात दोन ओळी लिहून बघितल्याशिवाय घेऊच नका.

मराठीत पेपर लिहिणाऱ्यांनी शिरोरेषेकडे लक्ष द्या. प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ मारली की पेन किती वेळा उचललं जातं! अख्खा शब्द लिहा, मग वरून एकच रेघ ओढा.

मनगट टेबलाला चिकटवून नुसत्या बोटांनी लिहू नका, कोपरापासून हात सरकू द्या, कोपर हवेत लटकत ठेवू नका, पान जरा तिरकं ठेवा. बेडवर मांडीवर वही घेऊन लिहिणं बंदच करा.

पहिल्याच दिवशी तीन तासांचा पेपर सोडवायला बसू नका, अर्ध्या तासापासून वाढवत न्या. नोट्स काढताना वीस-पंचवीस मिनिटांनी पेन खाली ठेवा, मुठी उघडा-मिटा.

आणि दुखणं अंगावर काढू नका प्लीज. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल तर मनगटातली नस दबत असू शकते, त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. पट्टा बांधून लिहीत राहण्यापेक्षा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, परीक्षा होईपर्यंत थांबू नका.