उंदोकाईसाठी जे-पॉप गाणं कसं निवडावं

जपानी शाळेत उंदोकाई, म्हणजे क्रीडादिन, हा वर्षातला सगळ्यात मोठा सोहळा असतो. काही शाळांत तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतो, काहींत मे-जूनमध्ये. लाल टोपीचा संघ, पांढऱ्या टोपीचा संघ, धावण्याच्या शर्यती, रस्सीखेच हे सगळं असतंच. पण आईवडील मोबाईल सरसावून उभे राहतात ते इयत्तेच्या सामूहिक नृत्याला. शाळेत या नाचाचं गाणं शिक्षक ठरवतात. वस्तीच्या क्रीडादिनात, शाळेनंतरच्या पाळणाघरात किंवा टोकियोतल्या निशिकासाईसारख्या भागातल्या भारतीय कुटुंबांच्या मेळाव्यात मात्र हे काम पालकांकडे येतं, आणि तिथे मराठी पालकही पुढे असतात. जे-पॉप म्हणजे जपानी पॉप गाणी; त्यातून निवड कशी करायची हे सांगणारा हा लेख त्यांच्यासाठी आहे.

बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाने करतात. यंदा काय गाजतंय ते पाहून आधी गाणं ठरवतात आणि मग मुलांना त्यात बसवायला बघतात. गाणं आवडतं असावं, यात वाद नाही. पण आधी मुलांचे पाय आणि मैदान बघा, गाण्यांची यादी नंतर.

आधी मोजमाप

चार गोष्टी कागदावर लिहा: मुलांचं वय, त्यांची संख्या, मैदानाची लांबी-रुंदी आणि मिळालेली मिनिटं. बालवाडीच्या मुलांना दीड-दोन मिनिटं पुरे होतात. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, मालिकांची सुरुवातीची गाणी टीव्हीवर साधारण दीड मिनिटाचीच असतात, आणि त्या छोट्या आवृत्त्या या वयाला बेतून केल्यासारख्या वाटतात. पाचवी-सहावीची मुलं तीन-चार मिनिटं सहज पेलतात.

वेग

गाणं लावा, ठेक्यावर टिचक्या वाजवा, पंधरा सेकंदांत किती झाल्या ते मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला १२० च्या आसपास आकडा आला तर ती संचलनाची चाल झाली. पहिली-दुसरीच्या मुलांना ११० ते १३० मध्ये ठेवलं की उड्या, टाळ्या, गिरकी सगळं जमतं. फार संथ गाणंही लहानांना जड जातं, कारण एका पायावर थांबून तोल सांभाळणं त्यांना उडी मारण्यापेक्षा कठीण वाटतं. आकडा १६०-१७० असेल तर गाणं लगेच बाद करू नका. दर दोन ठेक्यांना एक हालचाल बसवून पाहा. पुष्कळ वेगवान गाणी अशी अर्ध्या गतीने छान नाचता येतात.

२०१३ मधलं एकेबी-४८ या मुलींच्या गायन-गटाचं 'कोई सुरू फॉर्च्युन कुकी' ऐकून बघा. चाल मध्यम आहे आणि पापाया सुझुकी यांनी बसवलेल्या हालचाली बहुतेक हातांच्या आहेत. म्हणूनच कानागावा, सागा अशा प्रांतांच्या सरकारी कर्मचाऱ्यांनीसुद्धा त्यावर नाचून व्हिडिओ काढले. ज्यांना नाचायची सवय नाही त्यांना सोबत घ्यायचं असेल तर हाच वेग धरा. उलट क्रीपी नट्स या रॅप जोडीचं २०२४ मधलं 'ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न' मुलांच्या तोंडी असतं, पण त्यातला रॅप इतका भरधाव आहे की शंभर मुलं त्यावर एकत्र हलणं अवघडच. ते घ्यायचंच असेल तर फक्त धृपद घ्या.

मैदानावरचा आवाज

याचा विचार फार कमी जण करतात आणि सामूहिक नाच इथेच विस्कटतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. भोंग्यापासून साठ मीटरवर उभ्या मुलाला ठेका जवळपास पावणेदोन दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. १२० च्या गाण्यात हा ठेक्याचा तिसरा हिस्सा झाला, १७० च्या गाण्यात जवळजवळ अर्धा ठेका. मुलं चुकत नसतात, ती जे ऐकतात त्यावरच नाचत असतात. बघणाऱ्यांना मात्र लाट फिरल्यासारखं दिसतं. म्हणून मैदान मोठं असेल तर गाणं हळू घ्या, रांगा खोल न करता रुंद करा आणि भोंगे मुलांच्या समोरच्या एकाच बाजूला ठेवा. दोन टोकांना दोन भोंगे ठेवले तर मधल्या मुलांना तोच ठेका दोनदा ऐकू येतो.

आणखी एक. शाळेच्या भोंग्यातून खालचे, घुमणारे आवाज नीट येतच नाहीत. घरी हेडफोनवर ज्या गाण्याचा ठेका छातीत घुमतो, ते मैदानात नुसतं गुणगुणल्यासारखं होऊ शकतं. टाळ्या, कडक ढोल किंवा 'हेइ!' अशी आरोळी ठळक असलेलं गाणं निवडा. शक्य असेल तर निवडीच्या आधीच मैदानात ते एकदा वाजवून, सगळ्यात मागच्या रांगेच्या जागी उभं राहून ऐका.

गाण्याची बांधणी

जे-पॉप मुलांच्या नाचाला इतकं सोयीचं का, याचं उत्तर त्याच्या बांधणीत आहे. जपानी लोक गाण्याचे भाग ए-मेलो, बी-मेलो आणि साबी असे ओळखतात. ए-मेलोमध्ये गोष्ट सुरू होते, बी-मेलो ताण वाढवतो आणि साबी म्हणजे सगळ्यांना पाठ असलेलं धृपद. ए-मेलोत जागेवरच्या सोप्या हालचाली ठेवा, बी-मेलोत रचना बदला, म्हणजे साबी सुरू होताना प्रत्येक मूल आपल्या जागी पोहोचलेलं असेल. मोठ्या उड्या आणि हात उंचावणं साबीतच शोभतं. बऱ्याच गाण्यांत शेवटच्या साबीआधी वाद्यं गप्प होतात आणि मग सूर एक पायरी वर चढतो. त्या शांत जागेत सगळ्यांना खाली बसवा आणि सूर चढताच उठवा. अख्खं मैदान एकदम उभं राहतं तेव्हा टाळ्या मागाव्या लागत नाहीत.

गाणं ऐकताना प्रत्येक भाग आठ-आठ मात्रांत मोजत जा. कुठे दोन मात्रा जास्त भरल्या तर तिथे खूण करा, कारण मुलं नेमकी तिथेच अडखळतील.

शब्द

चाल आनंदी असली म्हणजे शब्द मुलांचे असतातच असं नाही. विरह, दारू, एकमेकांना दुखावणं हे सगळं नाचत्या चालीवर गायलेलं सापडतं. पूर्ण ओळी वाचा, जमत नसेल तर जपानी जाणणाऱ्या मित्राकडून समजून घ्या. मुलं ते महिनाभर घरीदारी गाणार आहेत. २०१८ चं 'पॅप्रिका' मला या बाबतीत अजूनही आदर्श वाटतं. केन्शी योनेझू यांनी लिहिलेलं हे गाणं फूरिन या पाच मुलांच्या गटाने गायलं, त्याला २०१९ चा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला आणि त्याच्या हालचाली मुलांच्याच अंगाला शोभणाऱ्या आहेत.

हातात काय द्यायचं

लहानांना झिरमिळ्यांचे गोंडे द्या, चुका झाकल्या जातात आणि लांबून रंग दिसतो. मोठ्यांसाठी नारुको उत्तम. जपानमधल्या कोची शहराच्या योसाकोई नृत्य-उत्सवात (हा उत्सव १९५४ पासूनचा) वापरतात ती ही छोटी लाकडी वाजवायची वस्तू. लेझीम खेळलेल्या माणसाला तिचं मर्म सांगावं लागत नाही: हात आणि आवाज एकाच क्षणी आले पाहिजेत. नारुको असेल तर ठेका मुलांच्याच हातात राहतो आणि भोंग्याची उशीर करणारी खोड बरीचशी झाकली जाते. पाचवी-सहावीला जे-पॉपऐवजी उत्तर जपानमधल्या होक्काइदोच्या कोळ्यांचं लोकगीत 'सोरान बुशी' रॉक बाजात करायला देणाऱ्या शाळाही खूप आहेत. जाळं ओढण्याच्या त्या हालचाली या वयाच्या मुलांना फार मनापासून जमतात, त्यामुळे तोही पर्याय यादीत ठेवा.

शेवटची निवड

यादी तीन गाण्यांवर आली की मुलांना बोलवा. काही न शिकवता तिन्ही साबी वाजवा आणि पायांकडे बघा. 'कोणतं आवडलं?' असं विचारलं तर मोठ्या आवाजाची चार मुलंच उत्तर देतात. कोपऱ्यातलं लाजरं मूल कुठल्या गाण्याला टाच आपटतंय ते बघा आणि तेच गाणं घ्या.

परवानगी आणि फाईल

जपानच्या कायद्यात, प्रवेश मोफत असेल, नफा नसेल आणि सादर करणाऱ्यांना मानधन नसेल तर कार्यक्रमात गाणं वाजवायला वेगळी परवानगी लागत नाही. पण गाण्यांची ॲप बहुधा खासगी वापरापुरतीच असतात, म्हणून सीडी विकत घ्या. नाचाचा व्हिडिओ सगळ्यांना दिसेल असा इंटरनेटवर टाकणं ही निराळी गोष्ट आहे: मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क रेकॉर्ड कंपनीचे असतात आणि त्यात दुसऱ्यांची मुलंही दिसतात. तो टाकू नका.

पावसाने कार्यक्रम पुढे ढकलला जाणं नेहमीचंच, तेव्हा गाणं दोन ठिकाणी ठेवा आणि बटण दाबणारा माणूस सरावाला आलेलाच असू द्या. शेवटचं मूल जागेवर उभं राहिलं की नाही, हे त्यालाच कळतं.